पॅटागोनियाचा रूट शेपटाकडून लावा, मुंबईचं तिकीट सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की पुण्याहून तुम्ही दोघं जानेवारीत २० दिवस काढताय, दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाला पॅटागोनियात, चिलीतलं तोरेस देल पाइने पार्क आणि अर्जेंटिनातला फिट्झ रॉय डोंगर दोन्ही करायचंय, जमलं तर अगदी तळाचं उशुआयापण, मुंबई-सांतियागो रिटर्न तिकीट बऱ्यापैकी स्वस्त दिसतंय तर ते आत्ताच घेऊन टाकावं का, आणि सांतियागोहून खाली बसने बघत बघत जाता येईल का. दोघांकडे अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा आहे हेही तुम्ही लिहिलंय, ते बरं केलंत, त्याने अर्धा प्रश्न सुटतो.

लोकांचे साऊथ अमेरिकेचे रूट लावून देणं हेच माझं काम आहे त्यामुळे आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं. ते तिकीट घेऊ नका. स्वस्त आहे म्हणून नाही, तुमच्या ट्रिपला ते चुकीचं आहे म्हणून. आणि सांतियागोहून बसने जाता येतं, पण तुमच्या २० दिवसांत नाही.

आपली सवय अशी की आधी मुंबईचं इंटरनॅशनल तिकीट काढायचं, मग तिथून पुढचं पुढे बघू. युरोपात हे चालतं कारण तिथे पुढचं काहीही दर तासाला मिळतं. पॅटागोनियात घोडं अडतं ते शेवटच्या ३०० किलोमीटरला. सांतियागोपर्यंत पोचायला शंभर वाटा आहेत, पण तोरेस देल पाइनेच्या आत ज्या रात्री तुम्हाला झोपायचंय त्या रात्रीचा बेड किंवा तंबूची जागा एकच आहे आणि जानेवारीत ती कधीच संपलेली असते. म्हणून इथे आधी कळस मग पाया. शेपटाकडून सुरुवात करायची, जी गोष्ट सगळ्यात कमी मिळते ती आधी पक्की, मग तिच्याआधीची, मग तिच्याआधीची, असं करत करत मुंबईला यायचं.

तर सगळ्यात कमी मिळणारी गोष्ट म्हणजे डब्ल्यू ट्रेकवरचे, तोरेस देल पाइनेतल्या इंग्रजी W आकाराच्या वाटेवरचे, मुक्काम. पार्कात कुठेही तंबू ठोकून चालत नाही, फक्त ठरलेल्या जागांवर, आणि त्या बुकिंगशिवाय मिळत नाहीत. उघड्यावर आग पेटवायलाही सक्त बंदी आहे, २००५ आणि २०११-१२ मध्ये पर्यटकांमुळे लागलेल्या वणव्यांत पार्कचा प्रचंड भाग जळाला तेव्हापासून याबाबतीत कोणी ऐकून घेत नाही. आता गंमत अशी की ट्रेकवरच्या जागा दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत. पूर्वेकडच्या, म्हणजे सेंट्रल, चिलेनो, फ्रान्सेस, कुएर्नोस, या लास तोरेसकडे, आणि पश्चिमेकडच्या पाइने ग्रांदे आणि ग्रे या व्हर्टिसकडे. डब्ल्यू करायचा तर दोघांकडच्या रात्री ओळीने जुळल्या पाहिजेत. एका साइटवर १२ तारखेचं सेंट्रल मिळालं म्हणून खूश होऊन पैसे भरले आणि दुसऱ्या साइटवर १५ चं ग्रे फुल्ल, असं सर्रास होतं. त्यामुळे दोन्ही टॅब शेजारी शेजारी उघडून बसा, कागदावर पूर्वेकडून पश्चिमेला आणि पश्चिमेकडून पूर्वेला असे दोन्ही पर्याय मांडा, आणि सगळ्या रात्री लागल्याशिवाय एकही पैसा भरू नका. ट्रेक कुठल्या बाजूने सुरू करावा यावर लोक तावातावाने वाद घालतात, माझं मत विचाराल तर ज्या बाजूने बेड मिळतील ती बाजू चांगली. पार्कचं एन्ट्री तिकीटसुद्धा ऑनलाइन आधी काढायचं असतं, पण ते कधीही मिळतं, त्याची घाई नाही.

हे एकदा झालं की तुमच्या ट्रिपला खुंटा मिळाला. बाकी सगळं त्याच्याभोवती.

आता नकाशा डोक्यात नीट बसवा कारण बसचा प्रश्न तिथेच सुटतो. सांतियागो ते पुंता अरेनास सरळ रेषेत साधारण २,२०० किलोमीटर आहे, म्हणजे दिल्ली ते कन्याकुमारी. आणि हे सगळं चिलीतच असलं तरी चिलीच्या आतून अखंड रस्ता नाहीये. पुएर्तो मोंतपर्यंत पॅन-अमेरिकन हायवे मस्त येतो, सांतियागोहून बसने १२-१३ तास, स्लीपरसारखी सालोन कामा बस घेतली तर रात्रीत झोपून जाता येतं. तिथून पुढे कारेतेरा आउस्त्राल, हा १९७६ मध्ये हुकूमशहा पिनोचेच्या काळात बांधायला घेतलेला रस्ता, साधारण १,२४० किलोमीटर, मध्ये मध्ये फेरीबोटी, बराच कच्चा, आणि व्हिया ओ'हिगिन्सला जाऊन चक्क संपतो. पुढे दक्षिण पॅटागोनियाचं बर्फाचं पठार आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत खोल घुसलेल्या समुद्राच्या खाड्या. रस्ता कोणी काढणार कुठून. मग पुंता अरेनासला जाणाऱ्या बसेस काय करतात, तर ओसोर्नोवरून अर्जेंटिनात शिरतात, बारिलोचेवरून पार अटलांटिक किनाऱ्याला कोमोदोरो रिवादाविया, रियो गाय्येगोस असं करत पुन्हा चिलीत येतात. पुएर्तो मोंतपासून मोजलं तरी ३० तासांच्या वर. आणि "बघत बघत" म्हणाल तर त्यातले निम्मे तास सपाट गवताळ माळ, काटेरी झुडपं, कुंपणाच्या तारा आणि अधूनमधून ग्वानाको, उंटाच्या जातीतला तिथला रानटी प्राणी. पहिला तास छान वाटतं.

अर्जेंटिनातूनही तेच. ब्यूनोस आयर्सहून रूता ३ हायवेने रियो गाय्येगोस २,६०० किलोमीटर, दीड दिवस बसमध्ये. बारिलोचेहून रूता ४० ने एल चाल्तेन, म्हणजे फिट्झ रॉयच्या पायथ्याचं गाव, हा त्यातल्या त्यात बघण्यासारखा रस्ता, तोही एक अख्खा दिवस आणि वर काही तास खातो. ज्याच्याकडे दोन महिने आहेत त्याने जरूर करावं, मी स्वतः त्याला बारिलोचेचाच रस्ता सांगेन. तुमच्या २० दिवसांतले ४ दिवस सीटवर घालवायचं काही कारण नाही. लांबचं विमानाने, जवळचं बसने, इतकी साधी वाटणी ठेवा.

विमानाने पोचायला खाली कामाचे तीन एअरपोर्ट आहेत. अर्जेंटिनात एल कालाफाते, ब्यूनोस आयर्सहून तीन-सव्वातीन तास. चिलीत पुएर्तो नातालेस, हे तोरेस देल पाइनेचं दारच, सांतियागोहून डायरेक्ट फ्लाइट आहेत पण त्या सीझनप्रमाणे कमी-जास्त होतात आणि रोज असतीलच असं नाही. आणि पुंता अरेनास, जिथे वर्षभर रोज फ्लाइट येतात, सांतियागोहून साधारण साडेतीन तास, आणि तिथून नातालेसला बसने आणखी ३ तास. पुंता अरेनासचा एअरपोर्ट गावाच्या उत्तरेला नातालेसच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे बस एअरपोर्टवरूनच पकडता येते, गावात जायची गरज नाही, फक्त तिकीट आधी ऑनलाइन काढताना चढण्याचं ठिकाण एअरपोर्ट निवडायचं. नातालेसची डायरेक्ट फ्लाइट तुमच्या दिवशी नसेल किंवा भाव डोक्यावरून जात असेल तर पुंता अरेनास हा काही कमीपणाचा पर्याय नाही.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, चिलीचं पॅटागोनिया आणि अर्जेंटिनाचं पॅटागोनिया यांच्यात विमानाने उडायचं म्हटलं तर अगदी शेजारी असूनही उलटं सांतियागो-ब्यूनोस आयर्स फिरून यावं लागतं. कालाफाते ते नातालेस बसनेच. म्हणजे तुमच्या ट्रिपच्या मध्यावर एक बॉर्डर रस्त्याने ओलांडायचीच आहे. ती एकदाच ओलांडा. आणि म्हणूनच सांतियागो रिटर्न तिकीट नको म्हणतोय. त्या तिकिटाने तुम्ही सांतियागोला उतरणार, नातालेसला जाणार, बसने अर्जेंटिनात जाणार आणि परतीचं विमान पकडायला पुन्हा तीच बस उलटी धरून चिलीत येणार, किंवा कालाफाते-ब्यूनोस आयर्स-सांतियागो असं तिसरं तिकीट काढणार. दीड-दोन दिवस गेले, तिकिटात वाचलेले पैसे गेले. त्यापेक्षा मल्टी-सिटी तिकीट बघा, जाताना मुंबई-ब्यूनोस आयर्स, येताना सांतियागो-मुंबई, किंवा बरोब्बर उलट. दोन वन-वे घेऊ नका हां, ते महाग पडतात, एकाच तिकिटावर ओपन-जॉ टाका, म्हणजे एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत.

ब्यूनोस आयर्सकडून आत शिरा असं मी म्हणेन. एक म्हणजे मुंबईहून आदिस अबाबा, दोहा, इस्तंबूल अशा वाटांनी ब्यूनोस आयर्सला एका तिकिटावर पोचता येतं, यातली बरीच विमानं साओ पावलोला थांबून पुढे जातात. दुसरं म्हणजे फिट्झ रॉयला हवेचा भरवसा नाही, तिथे तारखा लवचिक ठेवता येतात, आणि तोरेसच्या तारखा दगडावरची रेघ. लवचिक भाग आधी, कडक भाग नंतर, म्हणजे विमान चुकलं, बॅग आली नाही, असं काही झालं तरी सुरुवातीचा एखादा दिवस जातो, ट्रेकचं बुकिंग जात नाही. परतीला सांतियागोहून इस्तंबूलमार्गे किंवा युरोपमार्गे मिळेल.

आता व्हिसा, आणि इथे जरा थांबून वाचा. अमेरिकेच्या वैध टुरिस्ट व्हिसावर (किमान ६ महिने शिल्लक पाहिजेत) भारतीय पासपोर्टला चिलीचा वेगळा व्हिसा लागत नाही. अर्जेंटिनानेही ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा असलेल्या भारतीयांना वेगळ्या व्हिसातून सूट जाहीर केली. नियम असे येतात तसे जातातही, त्यामुळे तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी दोन्ही देशांच्या वकिलातीची पानं उघडून बघा. अर्जेंटिनाचं कॉन्सुलेट मुंबईतच आहे, चिलीची एम्बसी दिल्लीत. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत, हे सांगायला नको पण सांगतो.

खरा सापळा मधल्या देशांचा असतो. ब्राझीलचा व्हिसा तुमच्याकडे नाही. एकाच तिकिटावर, एकाच बुकिंगमध्ये, बॅग शेवटपर्यंत चेक-इन झालेली असेल तर साओ पावलोला तुम्ही विमानात किंवा ट्रान्झिटमध्येच राहता, व्हिसा लागत नाही. पण तेच दोन वेगळी तिकिटं असतील, म्हणजे मुंबई-साओ पावलो एक आणि साओ पावलो-सांतियागो दुसरं, तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर म्हणजे इमिग्रेशन, इमिग्रेशन म्हणजे व्हिसा. आणि हे साओ पावलोला कळत नाही, मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच कळतं, तिथेच बोर्डिंग नाकारतात. माझ्याकडे नंतर आलेल्या एका जोडप्याला त्यांच्या एजंटने अशीच दोन तुकड्यांची तिकिटं काढून दिलेली, स्वस्तात पडली म्हणून. रात्री अडीच वाजता सहारला त्यांनी फोनवरून नवीन तिकीट काढलं, ते काय भावात पडलं असेल याचा अंदाज करा. अमेरिकेतून ट्रान्झिट केलं तर तिथे इमिग्रेशन होतंच, पण तुमच्याकडे व्हिसा आहे त्यामुळे चालेल, फक्त कनेक्शनला ३ तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. युरोपमार्गे असेल तर शेंगेनमधले दोन एअरपोर्ट एका प्रवासात येत नाहीत ना ते बघा, उदाहरणार्थ आधी फ्रँकफर्ट आणि मग माद्रिद. तसं असेल तर साधा ट्रान्झिट चालत नाही, पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो.

यलो फीव्हरचं इंजेक्शन. पॅटागोनियात यलो फीव्हर नाही, तिथे डास काय, माणूस टिकला तरी खूप. पण भारतात परत येताना आपलं एअरपोर्ट हेल्थ ऑफिस विचारतं, आणि आपल्या यादीत ब्राझील आणि अर्जेंटिना दोन्ही आहेत. सर्टिफिकेट नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. इंजेक्शन घेतल्यानंतर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. फक्त ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळतं, तारखा आधी घ्याव्या लागतात, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

ब्यूनोस आयर्सला दोन एअरपोर्ट आहेत. मुंबईकडून येणारी विमानं एसेइसाला उतरतात, ते शहराबाहेर ३० किलोमीटरवर. कालाफातेच्या बहुतेक फ्लाइट आएरोपार्केहून, ते शहरातच नदीकाठी. काही मात्र एसेइसाहूनही सुटतात. तिकिटावर कोड वाचा, इझेडइ म्हणजे एसेइसा आणि एइपी म्हणजे आएरोपार्के. दोन्हीच्या मध्ये सगळं शहर, ट्रॅफिकला दीड तास सहज. वेगळ्या तिकिटांवर असाल तर त्याच दिवशीचं कनेक्शन घेऊच नका, एक रात्र ब्यूनोस आयर्सला काढा, २४-३० तासांच्या प्रवासानंतर तशीही पाठ मोडलेली असते. अर्जेंटिनात एअरपोर्टवरचे संप ही नेहमीची गोष्ट आहे हे पण धरून चाला. आणि लो-कॉस्ट कंपन्यांच्या तिकिटात पाठीवरची छोटी सॅक सोडून काहीच धरलेलं नसतं, ट्रेकिंगची मोठी सॅक धरून भाव काढलात तर सरकारी आएरोलिनेआस पुष्कळदा तेवढ्यातच पडते. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो चाल्तेनला किंवा नातालेसला दुकानात मिळतो.

कालाफाते म्हणजे पेरितो मोरेनो ग्लेशियर, गावापासून ८० किलोमीटर, एक दिवस द्या, पुरे. खरे दिवस द्या एल चाल्तेनला. कालाफातेहून २१५ किलोमीटर, बसने ३ तास, आणि चाल्तेनच्या बस कालाफाते एअरपोर्टवरूनही जातात, म्हणजे फ्लाइट दुपारच्या आत उतरली तर गावात न जाता थेट चाल्तेन गाठता येतं, ग्लेशियर परतीला करायचं. हे गाव १९८५ मध्ये वसवलंय, चिलीशी सीमेवरून भांडण चालू होतं म्हणून आपला हक्क दाखवायला. गाव डोंगराच्या पायथ्याशीच आहे त्यामुळे ट्रेल दाराशीच सुरू होतात, पार्कात जायला बस वगैरे काही लागत नाही. फिट्झ रॉयखालच्या लागुना दे लोस त्रेस तळ्याचा दिवस मोठा, जाऊन-येऊन २० किलोमीटरच्या वर आणि शेवटचा एक किलोमीटर अंगावर येणारा चढ. ढग आले तर डोंगर तीन-तीन दिवस दिसत नाही. म्हणून चाल्तेनला ४ रात्री ठेवा, एका निरभ्र दिवसासाठी तीन राखीव, असाच हिशोब असतो तिथे. अलीकडे चाल्तेनच्या बाजूलाही पार्कची एन्ट्री फी लावलीय, बजेटमध्ये धरा.

आता ती बॉर्डर. कालाफाते ते नातालेस बस साधारण ५ ते ७ तास, तुमच्या पुढे किती बस उभ्या आहेत त्यावर अवलंबून. रोजची ठरावीक सुटते, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी. जानेवारीत आठवडाभर आधी भरते म्हणून तोरेसचं बुकिंग झाल्यावर लगेच हीच काढा, विमानाच्याही आधी. बहुतेक वेळा बस कांचा कारेराच्या नाक्यावरून जाते. माळावर एक छोटी इमारत, बाहेर झेंडा वाऱ्याने फडफडत फाटायला आलेला, सगळे उतरायचं, रांगेत उभं राहून अर्जेंटिनाचा शिक्का, परत बसमध्ये, काही किलोमीटर कच्च्या रस्त्याने पुढे, पुन्हा सगळे उतरायचं, चिलीचा शिक्का. उतरताना टोपी हातात धरा, दार उघडताच वारा ती घेऊन जातो. चिलीच्या बाजूला मात्र नुसता शिक्का नाही, सगळ्या बॅगा खाली काढून स्कॅनरमधून जातात, कधीकधी कुत्रा असतो, कारण चिलीचं शेतीखातं, तिथे सगळे त्याला साग म्हणतात, फळं, भाज्या, बिया, मध, मांस, दूध यांच्याबाबतीत फार कडक आहे. सफरचंद एक राहिलं बॅगेत तरी दंड, आणि दंड दणदणीत असतो.

आपल्या लोकांसाठी हे खास सांगतो कारण आपण पिशवी भरून नेतो. कच्चे शेंगदाणे, डाळ, तीळ, घरचं तूप, मध, सुकामेवा, हे सगळं प्रश्नचिन्हात. जानेवारी आहे म्हणजे कोणीतरी तिळगूळ बांधून देणारच. नियम इतकाच लक्षात ठेवा की फॉर्मवर "खाण्याचे पदार्थ आहेत" ला हो म्हणायचं. हो म्हटलं आणि त्यांना नाही पटलं तर ते काढून घेतात, विषय संपला. नाही म्हटलं आणि सापडलं तर दंड. पाकीटबंद, भाजलेलं, शिजवलेलं बहुधा सोडतात. घरच्या डब्यातलं बॉर्डरच्या आधी बसमध्येच संपवा. ट्रेकचं खाणं नातालेसच्या सुपरमार्केटमधून घ्यायचं, ओट्स, पास्ता, सूप, सगळं मिळतं, मसाल्याची पुडी तेवढी पाकीटबंद न्या. शाकाहारी असाल तर रेफ्युजिओमधलं, म्हणजे ट्रेकवरच्या मुक्कामाच्या घरातलं, जेवण बुक करताना आधी कळवा.

नातालेसहून पार्कची बस सकाळी ७ च्या सुमाराला. आदल्या दिवशी बॉर्डरवरून रात्री पोचून दुसऱ्या सकाळी ट्रेक सुरू, असं कागदावर बसतं, प्रत्यक्षात बसवू नका. बॉर्डर आणि ट्रेक यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो दिवस वाया जात नाही, सामान भाड्याने घ्यायला, खरेदीला, जास्तीची बॅग हॉस्टेलवर ठेवायला लागतोच. तसाच ट्रेक संपल्यावर फ्लाइटच्या आधी एक दिवस. पाइने ग्रांदेहून पुदेतोला येणारं कॅटमरान, म्हणजे तळ्यावरची बोट, वारा वाढला की थांबतं, आणि जानेवारीत वारा वाढतोच, उन्हाळा हाच तिथला वाऱ्याचा सीझन. ते थांबलं की त्याला जोडलेली बस गेली, आणि दुसऱ्या सकाळची फ्लाइट धोक्यात. दोन मोकळे दिवस म्हणजे २० पैकी १० टक्के, मला माहितेय जीवावर येतं, पण ते या ट्रिपचा विमा आहेत.

उशुआया या वेळी काढून टाका. ते बेटावर आहे, पुंता अरेनासहून बसने ११-१२ तास, मध्ये मॅगेलनची सामुद्रधुनी फेरीने ओलांडायची, ती २० मिनिटांची असते पण वारा असेल तर काठावर तासन्‌तास बसवते. विमानाने गेलात तरी जाऊन-येऊन राहून ३ दिवस. जगाच्या टोकाचा बोर्ड आणि फोटो यासाठी चाल्तेनचे दिवस कापायचे असतील तर तुमची मर्जी, मी कापणार नाही. अंटार्क्टिकाची बोट पकडायची असेल तेव्हा उशुआया आपोआप होईल.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर एका देशात घेऊन त्याच देशात सोडा. बॉर्डर ओलांडायला कंपनीकडून नोटरी केलेली परवानगी लागते, ती आधी काही दिवस सांगून आणि जास्तीचे पैसे देऊन मिळते, आणि दुसऱ्या देशात गाडी सोडायचे पैसे ऐकून माणूस खाली बसतो. कालाफाते-नातालेसला गुगल मॅप तापी आइकेचा जवळचा रस्ता दाखवेल, तो कच्चा आहे, एस्पेरान्सावरून लांबचा पण डांबरी रस्ता घ्या, पेट्रोलही तिथेच मिळतं. आणि रूता ४० वर त्रेस लागोस ते गोबेर्नादोर ग्रेगोरेसच्या मधला ७३ किलोमीटरचा खडीचा पट्टा तिथले लोक "७३ शापित" म्हणूनच ओळखतात, पावसात तिकडे फिरकू नका. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे करा आणि दार घट्ट धरून उघडा, दार उलटं वाकणं हा तिथला नंबर एकचा डॅमेज आहे आणि इन्शुरन्समध्ये तो बऱ्याचदा वगळलेला असतो.

आता तुमच्यासाठी नाही, पण रस्त्याने जायचं वेड ज्यांना आहे त्यांच्यासाठी दोन वाटा सांगतोच, कारण या भागात रूट लावायची मजा तिथे आहे. पहिली, पुएर्तो मोंत ते नातालेस मालवाहू-प्रवासी जहाज, फ्योर्डमधून तीन-चार रात्री, मध्ये गोल्फो दे पेनास लागतं तिथे समुद्र उघडा होतो आणि भल्याभल्यांना उलट्या होतात. कारेतेरा आउस्त्रालवरून आलात तर पुएर्तो युंगाय किंवा तोर्तेलहून नातालेसला जाणारी वेगळी फेरी आहे, साधारण दोन दिवस खुर्चीत, मध्ये पुएर्तो एदेन नावाचं बोटीशिवाय न पोचता येणारं गाव. दुसरी वाट चाल्तेन ते व्हिया ओ'हिगिन्स. चाल्तेनहून गाडीने ३७ किलोमीटर लागो देल देसिएर्तो, त्याच्या काठाने चालत किंवा बोटीने दुसरं टोक, तिथे अर्जेंटिनाच्या चौकीत शिक्का, मग जंगलातून खडा चढ, बॉर्डरचा दगड, आणि पुढे १५-१६ किलोमीटर कच्च्या रस्त्याने उतरत कांदेलारियो मान्सिया, तिथे चिलीचा शिक्का आणि तळ्यावरची बोट. सायकलवाले सायकल खांद्यावर घेऊन जातात. १९६५ मध्ये या लागो देल देसिएर्तोपाशीच दोन देशांच्या पोलिसांत गोळीबार झालेला, एक चिलियन अधिकारी गेला, आणि तळं कोणाचं हे १९९४ च्या लवादात अर्जेंटिनाच्या बाजूने ठरलं. ही वाट फक्त उन्हाळ्यात, आणि ओ'हिगिन्स तळ्यावरची बोट वाऱ्यामुळे दोन-तीन दिवस सुटली नाही तर तुम्ही तिथेच, सोबत तेवढं खाणं पाहिजे. ज्याच्या परतीच्या तिकिटाला तारीख आहे त्याने जाऊ नये.

पैशांचं पटकन. चिलीत परदेशी पाहुण्याने डॉलरमध्ये किंवा परदेशी कार्डाने हॉटेलचं बिल भरलं तर १९ टक्के टॅक्स माफ असतो, पासपोर्ट आणि एन्ट्रीची नोंद दाखवावी लागते, बॉर्डरवर मिळालेली चिठ्ठी असेल तर जपून ठेवा. अर्जेंटिनात थोडे कोरे करकरीत डॉलर जवळ ठेवा, फाटके-दुमडलेले घेत नाहीत. घड्याळाचा त्रास जानेवारीत नाही, ब्यूनोस आयर्स, सांतियागो, नातालेस सगळीकडे एकच वेळ, आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. एप्रिल ते ऑगस्टमध्ये जाल तेव्हा बघा, सांतियागो एक तास मागे जातं आणि मागायानेस प्रांत, म्हणजे नातालेस-पुंता अरेनासकडचा भाग, जात नाही, फ्लाइट चुकवायला तेवढं पुरतं.

तर तुमचे २० दिवस मी असे बसवीन, जायला दीड-दोन दिवस, ब्यूनोस आयर्सला एक रात्र, मग विमानाने कालाफाते आणि तसंच पुढे चाल्तेन ४ रात्री, परत कालाफाते २ रात्री ग्लेशियरसकट, बसने नातालेस, एक दिवस मोकळा, मग ट्रेक ४ रात्री, पुन्हा नातालेसला एक मोकळा दिवस, विमानाने सांतियागो, एक रात्र, आणि घरी. नातालेसहून वर येताना उजवीकडची खिडकी घ्या, हवा असेल तर सगळं बर्फाचं पठार दिसतं.

डब्ल्यूच्या चार रात्री ओळीने जानेवारीत नाहीच मिळाल्या, आणि ही शक्यता बरीच आहे, तर दोन मार्ग. एक, फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्च बघा, वारा थोडा उतरतो, गर्दी कमी होते, मार्चअखेरीला लेंगाची झाडं लाल व्हायला लागतात, सुट्टी हलवता येत असेल तर मला तेच आवडेल. दोन, मुक्काम नातालेसला ठेवून बेस तोरेसचा, म्हणजे पार्कातल्या तीन सुळक्यांच्या पायथ्याचा, एक दिवसाचा ट्रेक आणि दुसऱ्या दिवशी कॅटमरान घेऊन ग्रेची बाजू, दोन्ही वेळा पहाटेची बस. दमछाक जास्त होते, पण बेड लागत नाही आणि हवेप्रमाणे दिवस पुढे-मागे करता येतो. आज रात्री दोन्ही साइट बघून कुठल्या तारखा लागतायत ते कळवा, मग विमानाचं बोलू.